मिठाच्या बरणीविषयी, कलम चार

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, शाळेच्या प्रयोगशाळेतील निवृत्त सहायक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर हलले आहे ते वयामुळे, मन डळमळीत आहे म्हणून नव्हे.

१. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीचे. स्वयंपाकघराची खिडकी थोडी उचलून ओढली तरच लागते.

२. माझा पितळी तराजू व वजने शाळेला द्यावीत. पाच ग्रॅमचे वजन हरवलेले आहे, ते मी हरवलेले नाही.

३. माझी शिडी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देत आहे. गेली नऊ वर्षे ती त्यांच्याकडेच आहे. आता मला मागायला नको आणि त्यांना विसरायला नको.

४. पत्नीचा बिडाचा खोल तवा माझ्या थोरल्या बहिणीला द्यावा. मुलीचा याला विरोध असेल, म्हणून कारण लिहितो.

पत्नी दर रविवारी त्या तव्यात मक्याच्या पिठाचा पाव भाजत असे. तवा आधी ओव्हनमध्ये तापवायचा, त्यात लोणी सोडायचे आणि मग पीठ ओतायचे. चर्र आवाज आला नाही तर ती अख्खा दिवस चुकचुकायची. शेवटच्या वर्षी तिला विसर पडू लागला. मीठ घातल्याचे तिच्या लक्षात राहत नसे आणि ती पुन्हा चमचाभर घालत असे. पाव खारट झाला की रडायची. तिच्या मिठाच्या बरणीत मी तिच्या नकळत तराजूवर मोजून अर्धे मीठ आणि अर्धा बारीक रवा भरला. दोनदा घातले की बरोबर व्हावे, एवढाच हिशेब. अकरा रविवार तो जमला.

बाराव्या रविवारी बहीण आली होती. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "अगं, मीठ महागलं की काय तुमच्याकडे?"

पत्नी म्हणाली, "वन्सं, एक चमचा घातलाय. आज मला पक्कं आठवतंय."

"मग चमच्याला भोक असेल!" बहीण हसली. तिचे बोलणे लहानपणापासून असेच आहे.

पत्नीने एक तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून चावत राहिलो.

त्या दिवशी तिला खरेच आठवत होते. त्यानंतर तिने तव्याला हात लावला नाही. दार लावले का, औषध घेतले का, सगळे ती मला विचारू लागली. आठ महिन्यांनी ती गेली.

मुलीने दोष आत्याला दिला. "तुझ्या टोमण्यानं आई खचली," असे म्हणत तिने आत्याला अंत्यदर्शनालाही आत येऊ दिले नाही. मी तेव्हा आतच उभा होतो. त्याला चार वर्षे झाली.

दोष बहिणीचा नव्हता. बरणी मी भरली होती. ती अजून तशीच आहे. दर रविवारी त्यातला एक चमचा घालून मी पाव भाजतो आणि अळणी खातो.

मुलीने तवा स्वतः आत्याच्या घरी न्यावा. बरणी रिकामी करून, धुऊन, चांगले मीठ भरून सोबत न्यावी. हे कलम तिथे मोठ्याने वाचावे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीदार क्रमांक एक यांनी वाचून विचारले, "काका, आत्या तुमच्यापेक्षा मोठ्या ना? त्या आधी गेल्या तर?" म्हणून कलम चार माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू समजावे. मुलीला फोन केला आहे. ती गाडी घेऊन निघाली आहे. बरणी मी धुऊन पालथी घातली आहे.

सही: (केली)
साक्षीदार १: समोरचे औषध दुकानदार (सही)
साक्षीदार २: निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारीण (सही)
स्थळ: राहत्या घरचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ