रॉडवरचे दोन टोचे

१४ सप्टेंबर, रविवार

इंजिन उघडलं! बाबांचं, नंदाखाल गावातल्या वाडीतलं. पन्नास वर्षं विहिरीचं पाणी उपसलं त्याने. दोन वर्षांपूर्वी मी विजेची मोटर बसवली आणि बाबांना न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. आईने त्याला परत पाठवलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. बोळिंजहून दर रविवारी येतो, समोर बसतो — आणि ते आईला म्हणतात, "यशोदा, त्याला विचार, जेवनार हाय का." मध्ये अंतर दोन हात.

दसऱ्याला बाबांना इंजिन चालू करून दाखवायचं. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, तारीख चुकवत नाही.

१७ सप्टेंबर

मार्सेल मेकॅनिककडे. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड जुना ठेवायचा की नवा? मी नव्याच्या बाजूने — हलका, चकचकीत, घरपोच. मार्सेलने दोन्ही हातांत तोलून पाहिले.

"सर, हलका म्हणून काय डोक्यावर घेऊन फिरणार? या इंजिनला हेच वजन पाहिजे. रॉड सरळ आहे, चीर नाही. हाच राहू दे. बेअरिंग नवं घालू."

हरलो.

२१ सप्टेंबर

बेअरिंगही दोन प्रकारचं! एक तयार, पण किंचित सैल. दुसरं घट्ट — हाताने खरवडत, पुन्हापुन्हा लावून बघत बसवायचं. मी सैलवर बोट ठेवलं. मार्सेलने ऐकू न आल्यासारखं केलं.

२६ सप्टेंबर

पाच दिवस खरवडून बेअरिंग जमलं. उद्या जोडणार. मार्सेल जेवायला गेला तेव्हा मी रॉड बाहेरून पॉलिश पेपरने लख्ख केला. रॉडवर एक आणि त्याच्या खालच्या टोकाला बसणाऱ्या झाकणावर एक, असे छिन्नीचे दोन ओबडधोबड टोचे होते. तेही कानशीने घालवले. सुहासिनीला फोटो पाठवला. बायकोचं उत्तर — "घरात एक कढई घासली नाहीत कधी!"

२७ सप्टेंबर

मार्सेल रॉडकडे बघतच राहिला. "सर, खुणा कुठं गेल्या?" ते टोचे म्हणे एकाच बाजूला यावे लागतात, तरच झाकण सुलटं बसतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातलं नको ते काढत आलो — सवय!

अंदाजाने बसवलं.

१ ऑक्टोबर

वाडीत चाचणी. थोडा वेळ झकास. मग ठणठण, बेअरिंग तापलं, बंद. उद्या दसरा.

ओटीवरून आवाज आला, "यशोदा, त्याला विचार, माझे टोचे कुठं गेले."

बाबांनीच मारले होते! खरं ते सांगितलं — आईला. ती बाबांकडे वळली. बाबा आत निघून गेले.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बाबा छिन्नी-हातोडी घेऊन आले. मार्सेलकडून झाकण फिरवून घेतलं. दोन टोचे मारले, पहिल्याइतकेच ओबडधोबड. मग हँडल माझ्यापुढे केलं —

"चंदर, मार."

आई सवयीने निरोप सांगायला माझ्याकडे वळली. आणि थांबली.