चाळीस पावलांवरून

एल्को जिल्हा, नेवाडा
२ मार्च १९८७

प्रिय बेन्यातदादास,

ग्राशीचा सप्रेम नमस्कार, वि. वि. मी बरी आहे. तुझा मोडलेला खुबा कसा आहे? तुझी लेक नेकाने म्हणत होती की तू कुबडी कोपऱ्यात ठेवून भिंती धरून चालतोस आणि तिने हटकलं की बहिरा होतोस. बाहत्तरीला आलास, आता तरी कुणाचं ऐक. हे फोनवरही विचारलं असतं, पण आमच्या सामाईक तारेवर अख्खं खोरं कान लावून बसतं, आणि पुढचं मला कुणाला ऐकवायचं नाही.

पत्रास कारण तुझे ते लांडग्याचे धाकटे भाऊ, कायोटी. मेंढ्या विऊ लागून दहा दिवस झाले आणि चार कोकरं गेली. दोन तर ओढ्यापलीकडे नुसती फाडून टाकलेली सापडली, मांस होतं तिथेच. शेजारच्या लॉइडच्या मते एकट्या बाईने हा व्याप करूच नये. या हंगामात निभावलं नाही तर पेलोचा कळप विकून मला बॉयसीला यावं लागेल आणि तुझ्याबरोबर नेकानेचं अळणी सूप प्यावं लागेल. पेलोसारखा नवरा गेला ते सोसलं, हे सोसणार नाही.

तर पेलोची दुनळी बंदूक साफ करून ठेवली आहे. दुकानदाराने तीन तऱ्हेची काडतुसं पुढे मांडली आणि मी रिकाम्या हाताने परत आले. तू तीस वर्षं सरकारसाठी कायोटी मारलेस. कुठलं घेऊ ते सांग.

राखणीला आर्गी कुत्रा आहेच. पेलोने त्याला पिल्लू असताना कोकरांतच झोपवलं होतं, तो अजून तिथेच झोपतो. धनी गेल्यापासून जरा घुम्या झालाय. पहाटे ओढ्यात तोंड बुडवून येतो आणि दुपारपर्यंत डोळे उघडत नाही. राखण करून दमतो बिचारा.

उत्तर लवकर लिही, आणि माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
ग्राशी


बॉयसी
९ मार्च १९८७

चि. ग्राशीस,

अनेक आशीर्वाद. खुबा दुखतो आणि सूप खरंच अळणी आहे. लसूण मागितला तर डॉक्टरचं नाव सांगतात.

आता काडतुसांचं. दुकानदार सगळ्यात जाड छर्रे गळ्यात मारेल, ते घेऊ नकोस. एका काडतुसात जेमतेम नऊ असतात. चाळीस पावलांवर ते इतके फाकतात की मधून कायोटी हसत निघून जाईल. बदकांचे बारीक छर्रे भरपूर असतात, पण तेवढ्या लांब जाईपर्यंत त्यांच्यात जीव उरत नाही. जनावर पोटात चार दाणे घेऊन पळतं आणि आठवड्याने कुठेतरी झुडपात मरतं. ते पाप आपण करू नये. मधले, चार नंबरचे घे. सत्तावीस असतात आणि हाडापर्यंत जातात. मात्र तीन इंची काडतूस मुळीच नको. पेलोच्या बंदुकीत काडतुसाचं घर पावणेतीन इंची आहे, नळी फुटेल.

पण घेतलं आणि लगेच निघाली असं नको. पेंडीच्या गोणीचा कागद शेडवर ठोक, त्यावर कायोटीएवढी आकृती काढ, चाळीस पावलं मोज आणि बार काढ. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपास. किती छर्रे आत बसले ते मला कळव, मग पुढचं बोलू. घाई नाही.

तोवर आर्गीला रात्री बांधत जा. अंधारात मध्ये आला तर त्यालाच लागायचं. आणि मेलेल्या कोकराच्या गळ्यावर दात उमटलेत का, तेही बघून ठेव. सहज विचारतो.

आशीर्वाद आहेतच. जेवत जा.

तुझा,
बेन्यात


एल्को जिल्हा
२० मार्च १९८७

प्रिय बेन्यातदादास,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझ्या शाळेत मी पास झाले. उजव्या नळीने अकरा छर्रे आकृतीत बसले, डावीने सोळा. पहिल्या बाराला खांदा असा काळानिळा झाला की दोन दिवस वेणी घालता आली नाही. मी काढलेला कायोटी पाहून लॉइडने विचारलं की ही गाभण गाय कशाला मारतेस. त्याला म्हटलं, चित्रकलेचे गुण वेगळे असतात.

आर्गीला तीन रात्री बांधला. एकही कोकरू गेलं नाही. पण तो साखळीला असा रडत होता की शेडमध्ये मलाच बसवेना. पेलोने त्याला कधी बांधलं नव्हतं रे. चौथ्या रात्री सोडला आणि पहाटे तीन कोकरं गेली. कायोटी किती लबाड बघ, बंदुकीचा आवाज ऐकून तीन दिवस दडून राहिले असणार.

गळ्याचं विचारलंस. गळे साफ आहेत. मागचे पाय, कुशी, कान, तिथेच चावे आहेत. एका मेंढीचं शेपूट तोडलंय.

आता डावी नळी पक्की करू ना? तू हो म्हणालास की टेकडीवर दबा धरून बसते.

कळावं, आणि मूर्ख म्हणालास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
ग्राशी


बॉयसी
२६ मार्च १९८७

चि. ग्राशीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

टेकडीवर जाऊ नकोस. कायोटी गळा धरतो, एकच कोकरू धरतो, आणि खाण्यासाठी धरतो. पाय, कान, शेपूट चावत खेळल्यासारखं मारून तसंच टाकणारा कुत्रा असतो. खोऱ्यात रात्री मोकळा कुत्रा एकच आहे. कुंपणच शेत खातंय, ग्राशी.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे समजलं होतं. लिहायला घेतलं आणि हात छर्ऱ्यांकडे वळला. त्यावर मी आठ दिवससुद्धा लिहू शकतो. म्हटलं, ही कागदावर बार काढत बसेल, कुत्रा बांधलेला राहील, तिचं तिलाच उमगेल, मला सांगावं लागणार नाही. तेवढ्यात तुझी आणखी कोकरं गेली. ती माझ्या भित्रेपणाने गेली.

एकदा चटक लागली की सुटत नाही. एकावन्न साली माझ्या कुत्र्याला, बेल्त्झाला, मी महिनाभर बांधून ठेवलं होतं. सुटला त्या दिवशी त्याने लॉइडच्या बापाच्या नऊ मेंढ्या फाडल्या. आपल्यात रीत काय आहे ते तुला ठाऊक आहे. ज्याने खाऊ घातलं त्यानेच शेवटही करायचा, परक्यावर टाकायचं नाही. खुबा धड असता तर मी आलो असतो. येऊ शकत नाही याची लाज वाटते.

रागाव, पण पत्र टाक.

तुझा,
बेन्यात


एल्को जिल्हा
२ एप्रिल १९८७

प्रिय बेन्यातदादास,

नमस्कार, वि. वि. झालं.

लॉइड स्वतःहून आला होता. मी करतो, तू घरात बस, असं म्हणाला. चांगला माणूस आहे. त्याला कॉफी पाजून परत पाठवला. सोमवारी सकाळी आर्गीला घेऊन शेडमागच्या चढावर गेले. कळपाकडे निघालोय असं समजून तो नेहमीसारखा पुढे चालला होता. पाठमोरा असतानाच करायचं ठरवलं होतं, पण मी थांबले, तसा तोही थांबला आणि मी का येत नाही ते बघायला वळला. चाळीस पावलं नव्हती. सहासुद्धा नसतील. चार नंबरचं होतं. त्याला कळलं नाही, एवढं तुला लिहिते, म्हणजे तू विचारणार नाहीस.

पेलोच्या कोटात गुंडाळून पुरला. जमीन अजून गोठलेली आहे, दुपारपर्यंत खणत होते.

कोकरं आता मरत नाहीत. पण कळपात भुंकणारं कुणी नाही हे डोंगरात कळलंय. काल भरदुपारी दोन कायोटी ओढ्यावर येऊन पाणी पिऊन गेले, खरेखुरे. मी दारात उभी होते. बंदूक आत होती, आणि आणायला जावंसं वाटलं नाही. उद्या मात्र जावं लागेल.

आणि भित्रा तू एकटा नाहीस. २ मार्चला, तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच पहाटे, मी त्याला ओढ्यावर तोंड धुताना पाहिलं होतं. पाणी लाल होतं आणि त्याच्या दातांत लोकर होती. मला बघून त्याने शेपूट हलवलं. मी घरात आले, चूल पेटवली आणि तुला काडतुसं विचारली. वाटलं, बेन्यातदादा कायोटी म्हणाला की कायोटीच. तू तसं म्हणाला नाहीस, पण नाहीही म्हणाला नाहीस, आणि मला किती हायसं वाटलं ते तुला कसं सांगू. त्या कोकरांचं ओझं तू उचलू नकोस, ते माझं आहे.

खुबा सांभाळ. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
ग्राशी