आई, तू ऑपरेशन लपवलंस

मलावी, मंगळवार

प्रिय आईस,
प्रभूच्या नावानं सलाम. फोनवर ओरडेन, म्हणून लिहितेय. सुजितच्या फोनवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल.

तुझी गाठ काढल्याचं मला महिन्यानं कळलं, तेही आकुर्डीच्या एस्तेरमावशीकडून. सुजित म्हणतो, "आईनं शपथ घातली होती. ताई देवाचं काम करतेय, तिला सांगू नकोस म्हणाली."

इथल्या मिशनच्या शाळेतल्या साठ मुलांना मी शिकवते, तापात त्यांच्या उशाशी बसते. मग स्वतःच्या आईजवळ बसायचं नाही, हे कुठल्या देवानं सांगितलं?

मलाही जूनमध्ये मलेरिया झाला होता. मीही लपवलं. आता बरी आहे.

जखम भरली का? इथले पाळकसाहेब म्हणाले, मुलांच्या परीक्षेनंतर जा. मी ऐकलं नाही. शनिवारी पोचते. स्वयंपाकघरात पाय ठेवलास तर बघ!

तुझी संतापलेली,
सुवार्ता