वाळूची पट्टी

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा! शहराच्या ऐन मध्यात राखलेलं जंगल, आणि त्याचा नवा वाटाड्या मी. फाटकाशेजारी दोन खोल्यांचं घर. बायकोने आल्या आल्या खिडक्या पुसायला घेतल्या. पायवाटेवर ठिकठिकाणी बारीक वाळूच्या पट्ट्या आहेत. संध्याकाळी फळीने सारख्या करायच्या, सकाळी कोण येऊन गेलं ते ठशांवरून वाचायचं. ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही. मुंगसाचा ठसा कुठला नि खारीचा कुठला, उभ्या उभ्या सांगतो.

९ फेब्रुवारी
जुना वाटाड्या निवृत्त झालाय, तरी रोज फेरी मारतो. सगळे त्याला काका म्हणतात. फिरायला येणारे मला ओलांडून त्याच्याकडे जातात. तो लोकांना पुढे घालतो नि स्वतः शेवटी चालतो. वाटाड्याची ही कुठली तऱ्हा? पण वाळू खोटं बोलत नाही. त्याच्या पावलांमागे ससा, साळिंदर, मुंगूस, सगळ्यांचे ठसे रांगेने. माझ्या पावलांना मात्र वळसा. बायको हसली. म्हणाली, अहो, तुमच्याकडे मुंगूससुद्धा ढुंकून बघत नाही! मग काकांसाठी चहा टाकायला गेली. साखर जास्त, त्यांना आवडते म्हणून.

१५ फेब्रुवारी
कोठीत काकाचे जुने बूट सापडले. घातले. अगदी मापाचे.

१६ फेब्रुवारी
आले! सगळे माझ्या मागे! काकाने बूट पाहिले, पण रागावला नाही. राहू द्या तुम्हालाच, म्हणाला, आणि ओझं उतरल्यासारखा हसला. आतून जळत असणार.

१९ फेब्रुवारी
ठशांत एक नवीन. लांब पाच बोटं, टाच नाही. माझ्या ओळखीचा नाही, हे लिहितानासुद्धा हात अडतो. काकाला विचारणार नाही. माझ्या मागे येतंय ना? मग ते माझं.

२२ फेब्रुवारी
बाकीचे ठसे बंद. फक्त तोच. काल संध्याकाळी बायको गमतीने माझ्या मागून चालत आली. आज पाहिलं तर तिचं पाऊल न् पाऊल उकरलेलं. माझ्या पावलांना धक्काही नाही.

२३ फेब्रुवारी
काकांना गाठलं. म्हणाले, ते त्या बुटांमागे यायचं, मी बूट उतरवल्यापासून दिसलं नव्हतं. त्याला तुमच्या मागे दुसरं कुणी खपत नाही. म्हणून तर मी सगळ्यांना पुढे घालायचो. आमची बायको ऐकायची नाही, मागूनच यायची — एवढं म्हणून फळीने वाळू सारखी करू लागले. बूट परत करायला गेलो तर हात मागे घेतले. आता ते बुटांना नाही, तुम्हाला ओळखतं, म्हणाले.

२४, सकाळ
निघालो. सामान राहू दे. ती पुढे, मी मागे. फाटकाआधीची शेवटची पट्टी. नोंद करायला थांबलो, सवय —
माझ्या मागे वाळू कोरी. हायसं वाटलं —
नाही. पुढे आहेत. माझ्या नि तिच्या मधे. पाच बोटं, टाच नाही. तिच्या पावलांवर पाय देत —
आता पुढचंही कुणी नको त्याला —
हाक मारली. ती वळली. पण बघतेय माझ्याकडे नाही, अलीकडे, खाली, तिच्या अगदी —