स्वखुशीने सोडलेली घरे

छत्रीबाग, इंदूर
१२ एप्रिल १९५३

चि. सौ. यशोधरेस लक्ष्मीकांतचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बहिणीच्या नावाचं आहे, पण आपल्या गल्लीतून देवासला गेलेल्या सातही बिऱ्हाडांना वाचून दाखव. गल्लीकरांनो, तीन पिढ्या आपण या शहराची दप्तरं लिहिली, आणि आज त्याच शहरात आपल्याला डोक्यावर कौलं परवडत नाहीत! संस्थान गेलं, नोकऱ्या गेल्या. उन्हाळा लागला की ग्वाल्हेरचं सचिवालय या उन्हाळी राजधानीत उतरतं, आणि त्या साहेबांना घरं देता यावीत म्हणून आपले मालक अप्पासाहेब आपल्याकडे तिप्पट भाडं मागतात. मी नाकारलं, तर त्यांनी घर खाली करण्याचा दावा लावला आहे.

आता गल्लीत आमचंच बिऱ्हाड उरलं. घर रिकामं झालं की कारभारी उदयसिंह त्याच दिवशी कवाडं उतरवून नेतो. भर दुपारी त्या उघड्या घरांतून वारा घुमला तरी तुझी कमलवहिनी दचकते. कमलला सातवा महिना आहे. दोनदा हातचं गेलंय. डॉक्टरीणबाई तिला जिनासुद्धा चढू देत नाहीत, मग मोटारीचे धक्के कुठले? उदयसिंह रोज विचारतो, की मास्साब, आपका मुहूर्त कब का है. मी त्याला व्याख्यान देऊन परत पाठवतो. तो गेला की कडी दोनदा तपासतो. (हे वाक्य वाचताना वगळ.)

शरदरावांना नमस्कार. घरं खाली केलीत, लोभ खाली करू नका.

लक्ष्मीकांत

देवास
१६ एप्रिल १९५३

ती. दादांस यशोधरेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. ते वाक्य वगळलं. मास्साब लिहितात तेव्हा अंगावर काटा येतो, असं सगळे म्हणाले, आणि आपापल्या घरी गेले.

इथे टेकडीचा वारा आहे, पाणी दारात आहे, भाडं तिथल्या तिसऱ्या हिश्श्याचं. पोहे मात्र विचारू नका. शेव अशी घालतात जशी दवा. पण जिवाला स्वस्थता नाही. आमचं घर अप्पासाहेबांच्या मेहुण्यांचं, अप्पासाहेबांच्याच चिठ्ठीवर मिळालेलं. बाकीच्यांचीही तीच गत. परवा मेहुणे अंगणात उभे राहून यांना विचारून गेले, की तुमच्या मास्तरांचा दावा चाललाय म्हणे, आपण तर त्या झंझटीत नाही ना. यांनी मान हलवली. दादा, मीही हलवली.

थोडं नमतं घ्या. वहिनींचे दिवस भरेपर्यंत तरी.

लोभ आहेच, काळजी त्याहून जास्त.

तुमची
यशू

छत्रीबाग, इंदूर
२० एप्रिल १९५३

चि. सौ. यशूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज वकिलांनी समोरच्यांचे कागद दाखवले. मी म्हणत आलो, की भाडं वाढवून माणसं हुसकावली. आणि त्यांच्या फाइलीत सातही बिऱ्हाडांची आभारपत्रं! आपली दरबारी माणसं! घर झाडून, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून, किल्लीबरोबर मालकाला वळणदार अक्षरात पत्र दिल्याशिवाय निघतील कशी? सातांतही तेच: ‘आपल्या छत्राखाली दिवस सुखाचे गेले. भाड्याविषयी तक्रार नाही. स्वखुशीने निरोप घेतो.’ वकील म्हणतात, सात जण खुशीने गेले, तर आठवाच हुसकावला कसा जातो?

सोमवारी, २७ ला सुनावणी. हरलो तर आठ दिवसांत घर सोडायचं. कमलला नेऊ कुठे? तिने विचारलं, वकील काय म्हणाले. सब ठीक है, एवढंच म्हणालो. तिला कळलं असणार.

काय बुद्धी झाली तुम्हाला ती पत्रं द्यायची! सगळे या आणि ती खोटी आहेत म्हणून सांगा.

लोभाची आज फार गरज आहे.

लक्ष्मीकांत

देवास
२३ एप्रिल १९५३

ती. दादांस यशूचा शि. सा. न. वि. वि.

या वेळचं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. दादा, ती बुद्धी कुणाची होती? हे तर ‘घर सोडले, किल्ली पोचवली’ एवढंच लिहीत होते. निरोप असा रूक्ष देतात का, म्हणत तुम्हीच कागद ओढलात. तुम्ही ओसरीवर येरझारा घालत सांगत गेलात, यांनी लिहून घेतलं. मग ज्याचं सामान निघालं, तो तुमच्याकडे आला. ‘छत्राखाली’ म्हणताना केवढे खूश होतात! भाड्याचं वाक्य तर लय साधायला घातलंत. आम्ही सह्या केल्या, तो आमचा दोष.

तुमची मागणी सगळ्यांना सांगितली. पाच घरांनी नाही म्हटलं. त्यांना भित्रे म्हणू नका. एक घर सुटलेल्या माणसाला दुसरं सुटण्याची धास्ती काय असते, ते मला विचारा. कुमुदिनीबाई येतात. आम्ही दोघं येतो. हे काल दिवसभर जेवले नाहीत, मग तिन्हीसांजेला म्हणाले, की चल. परतल्यावर हे घर आमचं राहील का, ठाऊक नाही.

पण आम्हाला हाकीम विचारतील, की खोटं होतं तर लिहिलंत कशाला? यांची तिथेच बोबडी वळेल. त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. तुमची शोभा होईल, उदयसिंह बाहेर हसेल. हसू दे. वहिनींना त्या खोलीतून हलवायला लागू नये.

रागापेक्षा लोभ मोठा ठेवा. सोमवारी व्याख्यान नको. आमच्याआधी तुम्ही उभे राहा आणि सांगा: ही सातही पत्रं मी रचली.

तुमची
यशू