यात्रेचा फ्लेक्स

कापूरहोळ,
ता. ४ मार्च २०२५

ती. सुलक्षणाआक्कास धाकट्या अमृतचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पन आबांनी तुला फोन लावायची बंदी केलीय नि माझा मोबाईल रोज चाळत्यात. मग काय करू? उत्तर घरी नगं, हितं कापूरहोळला माझ्या कामाच्या ग्यारेजच्या पत्त्यावर टाक. मालक देईल, पन कुरकुरत. त्याच्या गाडीचा हॉर्न म्या ब्रेकला जोडला हुता. शिवऱ्यापातूर ब्रेक दाबला की भोंगा! पुढचा टेम्पोवाला उतरून भांडायला आला म्हनं.

आता खरं सांगतो. डॉक्टरकीची तयारी सोडून नर्सिंगला नाव घातल्याचं तू दिवाळीत सांगितलंस, तवापासनं आबा घरात तुझं नाव घेत न्हाईत. भाईर मात्र पोरगी डॉक्टरकीला लागली म्हणून सांगत सुटल्यात. चिमाजीतात्या गुडघा धरून आला, तर त्याला म्हनले, सुट्टीला आली की दावू. तात्या तवापासनं दुसऱ्या डॉक्टरकडं जायना. ह्याला म्या हसलो, पन आई हसली न्हाई.

त्यात पंचांनी ठरवलंय, वाडीतली पहिली डॉक्टर आमच्या घरात, म्हणून यात्रेला भैरवनाथाच्या मांडवात आबांना फेटा, शाल, नारळाचा मान द्यायचा. आबा व्हय म्हनले. फ्लेक्स छापायचं काम माझ्याकडं. वर लिवायचं, भावी डॉक्टर सुलक्षणा कुंडलिक.

आक्का, काय छापू? नर्स म्हंजे सुई टोचनारी बाई, एवढंच आबांना ठावं. मलाबी त्याच्या पुढचं ठावं न्हाई. नीट लिव.

आईचा जीव तुझ्यापाशी हाय. माझा थोडाच हाय, पन हाय.

तुझा,
अमृत

* * *

पुणे,
ता. १० मार्च २०२५

चि. अमृतला आक्काचे अ. उ. आशीर्वाद, आणि हॉर्नसाठी एक धपाटा.

तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवणार होते. पुढचं वाचलं आणि दाखवलं नाही.

दोनदा परीक्षा दिली रे. तिसऱ्यांदा दिली असती तर कदाचित लागलाही असता नंबर. आबांना वाटतं मी हरले म्हणून इकडं आले. थोडं तसंही असेल, खोटं कशाला बोलू? पण आई आयसीयूत होती तेव्हा मी काचेतनं बघत होते. डॉक्टर येऊन बघून जायचे. तिच्याजवळ थांबून, तिचा श्वास बघत, तिला धीर देत होत्या त्या सिस्टर. मला तिथं उभं राहायचंय असं तेव्हाच वाटलं होतं. सांगायचं धाडस झालं नाही.

ही पदवी झाली की वर्षभर वॉर्डात नोकरी, मग नर्स प्रॅक्टिशनरचं पुढचं शिक्षण. अशा नर्स अत्यवस्थ पेशंटला तपासतात, डॉक्टरांशी ठरवून उपचारही करतात. डॉक्टर नव्हे. डॉक्टरपेक्षा कमी की जास्त, ते मला माहीत नाही. काम वेगळं आहे.

फ्लेक्सवर खोटं छापू नकोस. माझं नाव लावायचंच तर खरं लाव, नाहीतर लावूच नकोस. आणि त्याआधी आबांना सांग. चेष्टा करू नकोस, अमृत.

आबांचा राग राहू दे, तू तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
आक्का

* * *

कापूरहोळ,
ता. १४ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

फ्लेक्स खरा छापला. आबांना आधी सांगायचं मातर झालं न्हाई. दोनदा तोंड उघडलं नि दोनदा चाऱ्याचंच इचारून बसलो.

सकाळी मांडवाला बांधला. आबांनी फोटू बघितला, खालचं बघितलं न्हाई. डोक्याला फेटा बांधून झाला, हातात नारळ दिला, नि माईकवाल्यानं फ्लेक्स मोठ्यानं वाचला. नर्सिंगचं शिक्षण, पुढं नर्स प्रॅक्टिशनर. मग मागनं कुणीतरी इचारलं की डॉक्टर कुठं हरवला. समदे लई हसले, आक्का. चिमाजीतात्या हसला न्हाई, गुडघा चोळत बसला. ते जास्त लागलं.

आबांनी फेटा उतरवला. शाल घडी केली, त्यावर नारळ ठेवून पंचांच्या हातात परत दिला. म्हनले, मान डॉक्टरच्या बापाचा हाय, तसं कोन माझ्या घरात न्हाई. नि चालत निघून आले. म्या मागनं हाका मारत हुतो, त्यांनी वळून बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिशी ते तात्याच्या घरी गेले नि त्याला गुडघ्यासाठी नसरापूरला दवाखान्यात घेऊन गेले. येताना काय बोलले ठावं न्हाई. माझ्याशी अजून बोलत न्हाईत.

काल जेवताना आईकडं बघून म्हनले, तिला यायचं तर दिवसा यावं. विंझरच्या स्टँडवर उतरून, बाजारातनं, देवळावरनं, चालत यावं. इचारील त्याला तिनं सवताच्या तोंडानं सांगावं. आपुन आता कुनाला काय सांगनार न्हाई. नि ताटावरनं उठले.

हा राग हाय का बोलावणं, मला कळंना. आई म्हनती बोलावणं. पन आईला काय, ती व्हय म्हनायला टपलेलीच.

काय करायचं ते कर, पन मला तोडू नगं.

तुझा चुकलेला,
अमृत

* * *

पुणे,
ता. २० एप्रिल २०२५

चि. अमृतला अ. उ. आशीर्वाद.

आबांनी नारळ परत दिला हे वाचलं आणि ताट तसंच राहिलं. खरं छाप म्हणायला इथं बसून मला काय जात होतं? हसू त्यांनी सोसलं. त्यांचं बोलणं खरंही आहे, डॉक्टर नाहीच त्या घरात. आता ते माझं मला सांगू दे.

येत्या शनिवारी दुपारच्या वेल्ह्याच्या एसटीनं विंझरला उतरते. तात्यांच्या ओट्यावर आधी थांबेन, त्यांचा गुडघा बघायला नाही, माफी मागायला. मग देवळावरनं घरी. आबा दारात असतील की शेतात, ठाऊक नाही. शेतात असले तर शेतात जाईन.

तू स्टँडवर येऊ नकोस. कुणी काही विचारलं की तू थट्टेवारी नेशील आणि मी सुटेन. मला सुटायचं नाहीये.

आईला नमस्कार. तुझा लोभ मला हवाच आहे, शनिवारी तेवढा घरीच ठेव.

तुझी,
आक्का