शुक्रवारची तीन पावलं

प्रिय वर्नाताई,

हे तोंडावर बोलायला गेले तर रडेन, म्हणून लिहितेय. शाळा नववीतच सुटली माझी, चुका पोटात घाल.

माझा ब्रोडी तुझ्या पाळणाघरात यायला लागून दहा महिने झाले. उणे तीसच्या थंडीत गाडी गरम करून, त्याला फुगीर कपड्यांत कोंबून तुझ्या दारात आणते, आणि तू दिसलीस की तो माझ्या हातातून सरळ तुझ्याकडे झेपावतो. तू म्हणतेस, "आला गं माझा बटाटा!" सगळी पोरं हसतात. मीही हसते. मग गाडीत बसून स्टेअरिंगवर बुक्क्या मारते. संध्याकाळी त्याच्या केसांना तुझ्या घरच्या लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास येतो. तुझ्या त्या बटाट्याच्या करंज्या मटामटा खातो आणि माझी मॅकरोनी थुंकतो. परवा मी त्याचं डोकं दोनदा धुतलं. उगाच रडवलं बिचाऱ्याला.

गेल्या शुक्रवारी तो घरी सोफा सोडून तीन पावलं चालला. मी इतकी ओरडले! त्याच्या बापाला तिकडे उत्तरेत तेलाच्या विहिरीवर फोन लावला, त्याला वाटलं घराला आग लागली. सोमवारी तुला सांगितलं तर तू गालावर हात ठेवून म्हणालीस, "काय सांगतेस! खरंच?" आणि दुपारी आमच्या लाँड्रीत ती टॅमी चादरी घेऊन आली, तिलाही मी कौतुकाने सांगितलं. म्हणते कशी, "अगं, तो तर मंगळवारीच चालला की! वर्ना किराणा दुकानात अख्ख्या रांगेला सांगत होती, डोळ्यांत पाणी आणून. आईलाच पत्ता नाही होय?" तिच्या चादरी मी ओल्याच घडी घालून दिल्या.

माझ्यासाठीच लपवलंस तू, कळतं मला. त्याचाच जास्त राग येतो. तू वाईट असतीस तर कधीच काढून घेतला असता त्याला. दोन ठिकाणी जाऊन बघूनही आले. एकीकडे दिवसभर टीव्ही, दुसरीकडे पोरांपेक्षा कुत्री जास्त.

आता खरं सांगते. माझ्या हृदयातली झडप गळतेय, बाळंतपणापासूनच. पुढच्या बुधवारी रेजायना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाला, "तरुण आहेस, होशील बरी," पण सही घेताना माझ्याकडे बघत नव्हता. मला फार भीती वाटते गं. आई नाही मला, आणि ब्रोडीच्या बापाला अजून डायपरची पुढची बाजू कुठली ते कळत नाही. पंधरा दिवस ब्रोडीला रात्रंदिवस तुझ्याकडे ठेवशील? तुला आई म्हणाला तर म्हणू दे, टोकू नकोस. फक्त रोज पाच वाजता, बाकीच्या पोरांच्या आया येतात तेव्हा, त्याला खिडकीत उभा कर. माझी वाट बघू दे. रडला तर लगेच उचलू नकोस, ताई. थोडा रडू दे.

तुझ्याच भरवशावर असलेली,
जोलीन